उंच टाचेचे बूट

“ओ पेपरवाले! बूट काढा आधी!”

आता माझ्या डोक्यावर केस मोजकेच उरलेत आणि पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागलेत. तरी मागून कुणी खणखणीत आवाजात हाक मारली की माझा हात अजून बुटाकडे जातो. तो आवाज शमीम मुजावरचा. तासगावकडच्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची ती कॅप्टन. चणीनं एवढीशी, पण हाक अशी की पलीकडच्या रस्त्यावरचा टांगेवाला घोडा थांबवील. सांगलीतल्या एका मैदानावर, स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी होती.

मी पेपरवाला नव्हतो. कोल्हापुरात वीज मंडळात वायरमन होतो. पण ते सांगायची सोय नव्हती, कारण मी तिथं मुलगी बघायला आलो होतो आणि तेही चोरून.

चोरून बघायची रीत आमच्या तानूआत्याची. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्याच घरी होती. लहानपणी तिच्या डाव्या पायावरनं वारं गेलेलं, त्यामुळे चालताना पाय ओढायचा. नवरा लष्करात गेला तो आलाच नाही, एवढंच आम्हाला माहीत. घरात लग्नाचं काही निघालं की आत्याचा शब्द शेवटचा. आणि आत्याचा नियम असा की कांदेपोह्याच्या बैठकीला ती पाऊल टाकायची नाही. थोरल्या दादाच्या वेळी भुईमुगाच्या भांगलणीत, तण काढणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसली आणि तिथंच वहिनीला पसंत करून आली. धाकट्याच्या वेळी कालव्याच्या धुण्यावर अर्धा दिवस घालवला. “म्हातारीला खोड काढायची लई हौस,” असं भाऊबंद म्हणायचे. आत्या ऐकून घ्यायची आणि पानाला चुना लावायची.

माझी पाळी आली तेव्हा खोड काढायची गरजच नव्हती, ती दिसत होती. मी पाच फूट तीन. मुली यायच्या, म्हणजे त्यांचे निरोप यायचे, आणि सगळ्यांत एकच गोष्ट असायची: मुलगा चांगला आहे, पण. त्या ‘पण’ला कंटाळून वडिलांनी माझा नवा फोटो काढून घेतला. स्टुडिओवाल्यानं मला लाकडी खोक्यावर उभं केलं आणि खोक्यापुढं प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. फोटोत मी देवळाच्या दीपमाळेसारखा दिसत होतो. तो फोटो घेऊन मध्यस्थ गेला आणि बाबरांच्या शशिकलेचा फोटो घेऊन आला. बी. ए.चं शेवटचं वर्ष, उंची पाच फूट चार, खुर्चीत बसलेली, वेणी पुढं घेतलेली. हसताना एक दात किंचित तिरका.

तो तिरका दात माझ्या काळजात रुतला, दुसरं काय सांगू. फोटो मी हत्यारांच्या पिशवीत ठेवला आणि खांबावर चढलो की काढून बघायचो, कारण तिथं मागून डोकावायला कुणी येत नाही. हे स्थळ हातचं गेलं असतं, तर मी खांबावरून उतरलोच नसतो.

रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरलं. त्याआधी आत्यानं मध्यस्थाकडून काढून घेतलं की मुलगी चेंडू खेळते आणि आठवड्यातच स्पर्धेला सांगलीत येतेय.

“चल मुरल्या,” आत्या म्हणाली. “खेळताना बघू तिला.”

मी नुकतेच घेतलेले उंच टाचेचे बूट घातले. तेव्हा सिनेमातले नट तसले बूट घालायचे, टाच विटेएवढी. एसटीत चढताना आत्यानं बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पानाची चंची उघडली.

मैदानाच्या कडेला दगडी पायऱ्या होत्या, तिथं बसलो. समोर सिमेंटचं कोर्ट, पांढऱ्या रेषा ताज्या मारलेल्या. मुली दोन रांगांत धावत होत्या, चेंडू आपटत रिंगकडे जायच्या, हलकेच वर टाकायच्या आणि दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहायच्या. त्यांचे सर उद्याच्या सामन्याचं काहीतरी ठरवायला आत ऑफिसात गेले होते, त्यामुळे मैदानावर शमीमचं राज्य होतं.

“शशे, झोपा काढतीयस का? उद्या समोरच्या पोरी काय तुझी ओटी भरायला येणार आहेत?”

मी पाच फूट चार उंचीच्या मुली शोधायला लागलो. एक सापडलीही, गोरीशी. “ती बघ आत्या.”

“ती न्हवं. ती.”

आत्याचं बोट ज्या मुलीकडे होतं ती बाकीच्यांच्या वर मानेनं उठून दिसत होती. “काहीतरीच! अगं, ती टेलिफोनच्या खांबाएवढी आहे.”

“दात बघ.”

तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती उंच मुलगी हसली. दात तिरका होता.

माझं काळीज खाली बसलं आणि त्याच दमात वर उडालं. ती बोर्डाखाली उभी राहायची, इतर मुली तिच्याभोवती धडपडायच्या, आणि चेंडू रिंगवर आपटून परत फिरला की ही सरळ वर जायची. वर गेली की क्षणभर तिथंच थांबायची, जशी खाली यायची काही घाईच नाही. मला ती जागा माहीत होती. खांबावर, तारांच्या जवळ, वारा जरा वेगळा लागतो. जमिनीवरच्या माणसांना तो ठाऊक नसतो.

“मिटलं,” मी म्हणालो. “मी बुटांसकट हिच्या खांद्याला लागेन.”

“बुटांबिगर?”

मी उत्तर देणार तोवर चेंडू गडगडत आमच्या पायरीपाशी आला आणि त्याच्या मागोमाग शमीम.

“कोण पाहिजे?”

“कुणी नाही,” मी म्हणालो. “मी पेपरकडून आलोय. स्पर्धेची बातमी द्यायला.”

आत्यानं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

“कुठला पेपर?”

“कोल्हापूरचा.”

“आणि या?”

“मी ह्याची आत्या,” आत्या म्हणाली.

“पेपरवाले आत्याला घेऊन फिरतात?”

“ह्याला एकट्याला सोडत न्हाई आम्ही.”

शमीमनं आत्याकडे बघितलं, आत्याच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“बरं झालं आलात, साहेब. आमची एक मुलगी तापानं झोपलीय. सरावाला समोर एक माणूस कमी पडतंय. तुम्ही या. काही करायचं नाही, हात वर करून खांबासारखं उभं राहायचं.”

खांबाशी माझा रोजचा संबंध, पण खांब व्हायची वेळ पहिलीच. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर आत्यानं पाठीत कोपर मारलं. मी कोर्टाकडे निघालो आणि रेषेवर पाय ठेवणार, एवढ्यात ती हाक आली.

“ओ पेपरवाले! बूट काढा आधी! टाचेनं रंग उखडेल.”

बूट काढणं म्हणजे सगळ्यांच्या देखत विहिरीत उतरणं होतं. एक काढला, मी कलंडलो. दुसरा काढला, जमिनीला लागलो. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता. मुलींच्या रांगेतून खुसफूस फुटली आणि कुणीतरी म्हणालं, “अगं बाई, अर्धे साहेब बुटातच राहिले!”

शमीमनं मला नेमकं बोर्डाखाली नेलं आणि शशिकलेच्या पुढ्यात उभं केलं. “हिला अडवायचं. हात वर.”

मी हात वर केले. माझी बोटं तिच्या डोक्याच्या जेमतेम वीतभर वर पोचत होती. तिनं चेंडू डोक्यावर धरला आणि माझ्यावरून शांतपणे पलीकडच्या मुलीकडे टाकला. परत आला, परत टाकला. मी उड्या मारत होतो. चौथ्या-पाचव्या उडीला ती पुटपुटली, ओठ न हलवता:

“फोटोत उंच दिसता.”

माझे हात वरच राहिले. घाम मात्र कानामागून पार कॉलरीत उतरला. म्हणजे हिला माहीत होतं! सगळ्यांनाच माहीत होतं!

“कसं ओळखलंत?”

“तुमच्या आत्या. मध्यस्थांनी सांगितलं होतं, मुलाची आत्या पायानं अधू आहे. आणि पेपरवाल्याच्या खिशात पेन तरी असतं.” चेंडू पुन्हा तिच्याकडे आला. “फोटोत काय केलं होतं?”

“खोक्यावर उभं केलं होतं. तुमचं?”

“दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खुर्चीत बसवलं. चांगली उभी राहिले होते, तर म्हणाले, बस गुमान.”

“आम्हाला पाच-चार सांगितली.”

“आम्हाला पाच-सहा.”

आणि ती हसायला लागली. हसताना चेंडू हातातून निसटला, माझ्या डोक्यावर आदळला आणि बाहेर गेला.

“शशे!” शमीम ओरडली. “उद्या मॅच आहे! गप्पा रविवारी मारा!” मग तिनंच जीभ चावली आणि सगळ्या मुली फिस्सकन हसल्या. नाटक संपलं होतं. पण शमीमची हौस फिटली नव्हती. “चला, जंप बॉल! शशिकला विरुद्ध कोल्हापूर!”

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना सांगतो. मध्यभागी दोघं समोरासमोर उभे राहतात, तिसरा मधोमध चेंडू वर उडवतो, आणि दोघांनी उडी मारून तो आपल्या गड्यांकडे ढकलायचा. मी मोजे वर ओढले. मनात म्हटलं, मुरलीधर, सारी अब्रू गेलीच आहे, आता उडी तरी नीट मार. खांब चढून चढून माझे पाय तारेसारखे झाले होते. शमीमनं चेंडू फेकला आणि मी अशी उडी घेतली की तशी पुन्हा कधी घेतली नाही. तिच्या कोपरापर्यंत गेलो. ती मात्र आणखी वर, निवांत, चेंडूला टिचकी मारून मोकळी झाली. मी खाली आलो तो मोज्यांवरून घसरलो आणि ताज्या पांढऱ्या रेषेवर बूड टेकून बसलो.

मैदान खिदळलं. शशिकला हसली नाही. वाकली, बरीच वाकावी लागली तिला, आणि हात पुढं केला. मी तो धरला. घामानं ओला, चेंडूच्या धुळीनं खरखरीत हात. लग्नाआधी मुलीचा हात धरलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच असेन, आणि तेही आत्याच्या डोळ्यांदेखत.

तेव्हा पायरीवरून आत्याचा आवाज आला. जात्यावर बसल्यासारखा, लांब सूर लावून:

“उंच जोंधळ्याचं ताट, कणीस गेलं गं वरती,
बांधाला बसला राघू, त्याची मान दुखली पुरती!”

मुलींनी जो गलका केला, तो ऐकून आतल्या ऑफिसची खिडकी उघडली आणि परत मिटली.

“शशे, आता टीमच्या इज्जतीचा प्रश्न आहे,” शमीम म्हणाली. “उत्तर दे.”

शशिकलेनं चेंडू उचलला आणि फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. दोनदा आपटला. कान लाल झाले होते. पण गावची पोर, ओवी काही तिला नवी नव्हती. रिंगकडे बघतच ती म्हणाली:

“राघूला सांगा गं बायांनो, पंखाला द्यावा ताण,
कणीस वाकायाचं न्हाई, त्यालाबी त्याचा मान!”

आणि चेंडू सोडला. रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. मला वाटलं, माझ्याच आतून गेला.

सराव संपला तेव्हा ऊन मैदानाच्या कुंपणावर गेलं होतं. मुली पाणी प्यायला नळावर गेल्या. शशिकला टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या पायरीशी आली आणि आत्याच्या पाया पडली. शमीमही मागोमाग आली. तिला बोलावलं नव्हतं, पण ती येणारच होती.

“आत्या, एक ऐकाल?” शशिकला म्हणाली. “रविवारी तुम्ही सगळे घरी याल तेव्हा मी सतरंजीवर बसलेली असेन. दादांनी बजावून ठेवलंय, पाहुणे यायच्या आधी बसायचं आणि जाईपर्यंत उठायचं नाही. चहा वहिनी आणेल. आज इथं बघितलंत ते पोटात ठेवा. माझ्या उंचीपायी दादांनी फार नकार ऐकलेत. चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको.”

“ते ऱ्हाऊ दे. हा कसा वाटला?”

मी बुटाची नाडी बांधत होतो. हात थांबला.

शशिकला माझ्याकडे बघत म्हणाली, “हे चालतील. बूट चालायचे नाहीत.”

मला त्या क्षणी कुणी तारेला हात लावायला सांगितलं असतं तरी लावला असता. “मग मिटलंच की!” मी म्हणालो. “तुम्ही बसा, मीही बसूनच राहतो. दोघंही उठायचं नाही!”

“लग्नातही बसूनच राहा,” शमीम म्हणाली. “अंतरपाट धरणाऱ्यांनाही चटई टाका.”

आम्ही तिघंही हसलो. आत्या हसली नाही.

“न्हाई,” ती म्हणाली. “चहा हिनं आणायचा. उभ्यानं.”

“अहो आत्या, तुम्हाला कळलं, यांना कळलं. एका दिवसाचं तर नाटक.”

“आन ह्याच्या आईला? बापाला? त्यास्नी काय मांडवात कळायचं?”

“लग्न झाल्यावर कोण काय म्हणणार?” मी म्हणालो.

आता रविवारचं आधी सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. दुसऱ्या दिवशीचा सामना त्या मुलींनी जिंकला, त्यापुढचा हरल्या, आणि शमीमनं पंचाशी भांडून घसा बसवून घेतला. रविवारी बाबरांच्या घरी आतल्या दारातून शशिकला आली ती चौकटीखाली मान वाकवून, हातात चहाचा ट्रे. सरळ झाली आणि शेवटचा कप उचलला जाईपर्यंत तशीच उभी राहिली. तिचे दादा भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड खुपसून बसले. माझे वडील तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. मी उठलो, अनवाणी, आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आधी हसली ती माझी आई. “चला,” ती म्हणाली, “माळ्यावरचे डबे आता पडून राहायचे नाहीत.” तेव्हा कुठं दादांनी श्वास सोडला.

पण ते झालं ते आत्या त्या पायरीवर जे बोलली त्यामुळं. आमच्या घरात ते तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

“लग्न झाल्यावर कोण काय म्हणणार,” हे माझं वाक्य ऐकून तिनं आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खालच्या पायरीवर नीट ठेवला.

“मला बसवून दाखवलं हुतं,” ती म्हणाली.

“कुणाला?” मी मूर्खासारखं विचारलं.

“ह्यांना. आमच्या बानं मला आधीच सतरंजीवर बसवली, पायावर लुगडं पसरलं. ते घरात आले, बोलले, ग्येले, मी हलले न्हाई. अक्षता पडल्या तवा पाटावर उभी, पाट काय चालत न्हाई. वरात बैलगाडीतनं. त्यांच्या दारात उतरले आन माप वलांडायला पाय टाकला, तवा सगळ्यांनी बघितलं. वाजंत्री थांबली बघ, पोरी. कुणी थांबवली न्हाई, आपली आपण थांबली.”

शशिकला तिच्यापुढं जमिनीवर बसली होती. टॉवेल कधी खाली पडला ते तिला कळलं नव्हतं.

“मारलं का त्यांनी?” शमीमनं विचारलं. तिचा तेवढा हलका आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“न्हाई गं. हात धरून आत न्हेलं. प्यायला पाणी दिलं. पर बोलले न्हाईत. दोन रोज नुसते वसरीला बसून. मग गाडी जुंपली आन माघारी घिऊन आले. लष्करात नंतर ग्येले, ते खरं हाय.” नळावर मुली एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या, ती त्यांच्याकडे बघत राहिली. “वाईट माणूस न्हवता, मुरल्या. घरात सगळी तसं म्हणायची, मी म्हणू दिलं. माझ्या बाला कोण नावं ठेवणार? आमच्या येशीपाशी त्यांनी गाडी थांबवली. बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाले, ‘तानू, त्या दिशी तू माझ्यासमोरनं चालत ग्येली असतीस, तरी मी हो म्हटलं असतं.’”